पोळ्यानंतर बैल रवंथ करत नाही: पाजण्याआधी काय पाहायचं

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या एका शेतकऱ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: पोळ्याच्या संध्याकाळी बैल घरोघरी फिरवला. रात्री नीट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कडबा हुंगला अन् सोडून दिला, शेण पातळ, आणि "रवंथच नाही करून राहिला". आज दुसरा दिवस. शेजारी म्हणतात, ताकात गूळ कालवून पाजा. घरची आजी म्हणते, याचा रवंथ हरवला, जोडीदाराच्या तोंडातला रवंथ काढून याच्या तोंडात घाला. यातलं काय करू? आणि निरोगी बैलानं दिवसात किती वेळ रवंथ करावा?

भाऊ, आधी तातडीचं. बैल उठत नसेल, डोळे आत गेले असतील, कान-पाय गार लागत असतील किंवा मान पोटाकडे वळवून पडून असेल, तर हे उत्तर नंतर वाचा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, नाहीतर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाला बोलवा. सांगताना "बैल खात नाही" एवढ्यावर थांबू नका. "पोळ्याला पुरणपोळ्या खाल्ल्या, तेव्हापासून रवंथ बंद, शेण पातळ" असं पूर्ण सांगा. तेवढ्यावरून डॉक्टरला गाडीत काय टाकून निघायचं हे कळतं. तोपर्यंत गूळ द्यायचा नाही आणि ताकही नाही. का, ते पुढे येतंच.

बैल उभा आहे, चालतो आहे, फक्त तोंड हलत नाही, असं असेल तर दहा मिनिटं काढा आणि त्याला नीट पाहा. रवंथ कशानं थांबला हे कळल्याशिवाय घशात काही ओतू नये, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचं सगळं त्याचाच विस्तार समजा.

बैलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तिथे कडक दंतपट्टी असते. खाली आठ दात. जिभेनं चाऱ्याला वेटाळायचं, दंतपट्टीवर दाबून तोडायचं आणि जेमतेम चावून गिळायचं, ही त्याची खाण्याची रीत. चावण्याचं खरं काम तो नंतरसाठी ठेवतो. गिळलेलं सगळं कोठीपोटात जातं. हे कोठीपोट शरीराच्या डाव्या बाजूला असतं आणि मोठ्या बैलात शंभर लिटरच्या आसपास माल मावेल एवढं मोठं असतं. त्यात अब्जावधी सूक्ष्मजंतू राहतात. कडब्यातला काड्यांचा भाग बैलाला स्वतःला पचवता येत नाही. हे जंतू तो आंबवतात, त्यातून जी सौम्य आम्लं तयार होतात ती रक्तात शोषली जातात आणि बैलाची बरीचशी ताकद तिथूनच येते.

जंतूंना काम करता यावं म्हणून चारा बारीक व्हावा लागतो. त्यासाठी रवंथ. बसलेल्या बैलाच्या मानेकडे डाव्या बाजूनं पाहिलंत तर गोळा खालून वर सरकताना डोळ्यांनी दिसतो. तोंडात आला की बैल आधी त्यातलं पाणी गिळून टाकतो, मग जबडा आडवा फिरवत चावायला लागतो. एका गोळ्याला साधारण ४० ते ६० वेळा चावणं, पाऊण-एक मिनिट. मग गिळतो. तीन-चार सेकंद तोंड स्तब्ध, आणि पुढचा गोळा वर. कडबा-गवत खाणारा निरोगी बैल दिवसाच्या २४ तासांत सहा ते आठ तास हे काम करतो. त्यातलं बरंचसं रात्री, उरलेलं दुपारी सावलीत बसून. चारा जितका काड्यांचा, तितका रवंथ जास्त. ढेप (पेंड) आणि चुनी (डाळींचा कोंडा) यांवर तो कमी होतो.

एका गोळ्याला बैल किती वेळा चावतो हे एकदा मोजून ठेवा. आजारी असताना नव्हे, चांगला असताना. प्रत्येक जनावराचा आकडा थोडा वेगळा असतो, पण त्याचा त्याचा फारसा बदलत नाही. नेहमी पन्नासला गिळणारा बैल पंचविसाव्या चावण्यालाच गिळू लागला तर दोन दिवसांत तो चारा सोडेल, अशी शंका धरावी. आमच्या भागातले जुने गायकी, म्हणजे गुराखी, आकडे मोजत नव्हते, पण आखरावर, गावची गुरं जमतात तिथे, बसल्या बसल्या कोणतं ढोर "तोंड मारत नाही" हे त्यांना लांबून कळायचं. कळप निवांत बसलेला असताना निम्म्याच्या वर जनावरं रवंथ करताना दिसायला हवीत. तेवढी दिसत नसतील तर कळपात किंवा चाऱ्यात काहीतरी बिघडलं आहे.

आता लाळेबद्दल, कारण पोळ्याच्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. चावताना लाळ सुटते. मोठ्या दुधाळ गाईत ती दिवसाला शंभर लिटरच्या वर जाते. आपल्या गवळाऊ जातीच्या बैलाचं अंग लहान, म्हणून त्याची कमी, तरी बादल्यांनीच मोजावी इतकी. या लाळेत निसर्गतः सोडा असतो. पोटात तयार होणारं आम्ल तो मारत राहतो. म्हणजे रवंथ चालू असतो तोवर बैल स्वतःच स्वतःला सोडा पाजत असतो. रवंथ थांबला की सोडा थांबला, आम्ल वाढलं, आम्ल वाढलं की कोठीपोटाची हालचाल मंदावली आणि हालचाल नाही म्हणून गोळा वर येत नाही. एकदा हे चक्र फिरलं की आपोआप सुटणं कठीण.

पुरणपोळीत काय असतं पाहा. गव्हाचं पीठ, शिजवून वाटलेली हरभरा डाळ, गूळ. सगळं दळलेलं, शिजलेलं, गोड. चावायला काहीच नाही, आणि जंतूंना आंबवायला मात्र याहून सोपं खाद्य नाही. घरची मंडळी म्हणतात, "आम्ही दोनच पोळ्या दिल्या". खरं असतं ते. पण पोळा फुटल्यावर, म्हणजे तोरण तुटून बैल सुटले की, बैल ज्या ज्या दारात जातो तिथे पूजा होते, बैल आणणाऱ्याला बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, मिळतो आणि बैलाच्या तोंडात पोळी जाते. नातेवाईक, शेजारी, ज्याच्या वावरात वाही-नांगरणी केली तो, ज्याला उसना दिला होता तो. कुठे पोळी, कुठे भात, कुठे भजं, कुठे शिजवलेल्या ज्वारीचं घमेलं. बेरीज कुणीच करत नाही. शिवाय पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" म्हटल्यापासून दोन दिवस बैलाला काम नाही, आणि सजावटीच्या गडबडीत त्या दिवशीचा कडबाही धड टाकलेला नसतो. उपाशी पोटावर एकदम गोड पडतं.

कोठीपोटातल्या पाण्याचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असतो; आकडा जितका खाली, तितकं आंबट जास्त. पीठ आणि गूळ पडल्यावर ते झपाट्यानं आंबवणारे जंतू वाढतात आणि लॅक्टिक आम्ल तयार होऊ लागतं. सामू ५.५ च्या खाली गेला की कडबा पचवणारे जंतू मरायला लागतात, आणि जे आम्ल करतात तेच उरतात. पोटातला रस इतका दाट होतो की तो रक्तातलं पाणी स्वतःकडे ओढतो. म्हणून पोटात पाणी खळखळतं आणि बैल मात्र वाळत जातो: डोळे खोल, नाकपुडी कोरडी, कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर बसत नाही. याला पोटाची आम्लता किंवा ॲसिडोसिस म्हणतात. लक्षणं दिसायला साधारण १२ ते ३६ तास जातात. त्यामुळे "रात्री नीट होता, सकाळी बिघडला" हे तुमचं वर्णन यात बरोबर बसतं. असाच प्रकार लग्नाच्या पंगतीतली उरलेली बुंदी-पोळी ढोरांपुढे टाकली की होतो, आणि गव्हाचं पोतं जनावरानं रात्री फाडून खाल्लं तरी होतो.

तरीही पोळा झाला म्हणजे आम्लताच, असं धरून चालू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाला तापही येऊ शकतो. म्हणून पाहायचं कसं ते सांगतो.

बैलाच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटच्या बरगडीच्या मागे, कमरेच्या हाडाच्या पुढे जो खोलगट त्रिकोण दिसतो ती भकाळी. तिथे मूठ दाबून धरा आणि घड्याळात दोन मिनिटं मोजा. निरोगी बैलात या वेळात कोठीपोट आतून मुठीला दोन-तीन वेळा तरी वर ढकलतं. एकदाही ढकललं नाही तर पोट बंद पडलं आहे. आता मुठीखाली काय लागतं? मळलेल्या कणकेसारखं लागून बोटाचा खड्डा तसाच राहत असेल तर कोरडा माल तुंबला आहे. असं बहुधा सोयाबीन किंवा तुरीचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरपूर आणि पाणी कमी पडलं की होतं. मूठ हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल आणि शेण पातळ, आंबूस वासाचं, करड्या रंगाचं असेल, तर आम्लता. आणि भकाळी खोल राहण्याऐवजी वर फुगून आली असेल, टिचकी मारल्यावर पोकळ डबडब आवाज येत असेल, तर पोटफुगी. पोटफुगीत वेळ फार थोडा असतो, बैल तासाभरात गुदमरू शकतो.

मग शेण हातात घेऊन पाहा. किळस वाटली तर काडीनं. त्यात अख्खे ज्वारीचे दाणे किंवा बोटभर लांबीचे कडब्याचे तुकडे दिसत असतील तर बैल धड चावत नाही. त्याचं कारण पोटात नसून तोंडात असू शकतं. ताप मोजायचं थर्मामीटर घरी ठेवा, मेडिकलमध्ये मिळतं. बैलाचा ताप गुदद्वारात घ्यायचा, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक. ॲसिडोसिसमध्ये ताप फारसा चढत नाही, उलट बैल गार पडत जातो. थर्मामीटर १०४ दाखवत असेल तर पुरणपोळीला दोष देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडे घटसर्प, फऱ्या, तीन दिवसांचा ताप, गोचिडांमुळे होणारे ताप हे सगळं असतं, आणि कोणत्याही तापात रवंथ सगळ्यात आधी बंद होतो. २०२२ मध्ये लम्पीच्या साथीत किती तरी जणांच्या लक्षात गाठींच्या आधी हेच आलं होतं, की जनावर खाऊन बसतं पण तोंड हलवत नाही.

तोंड उघडून पाहायला घाबरू नका, पण एकट्यानं पाहू नका. एकानं वेसण आणि शिंग धरावं, दुसऱ्यानं जीभ बाजूला ओढावी. जिभेवर किंवा हिरड्यांवर फोड, तारेसारखी लोंबणारी लाळ, आणि खुरांच्या बेचक्यात जखम असेल तर लाळ्या-खुरकूत. जनावर वेगळं बांधा, दवाखान्यात कळवा. टाळूत बाभळीचा काटा किंवा कडब्याची काडी अडकलेली असते कधी कधी, आणि ती काढली की बैल तासाभरात गव्हाणीला तोंड लावतो. म्हाताऱ्या बैलाची दाढ हलत असेल किंवा एका बाजूनं झिजून टोकदार झाली असेल तर तो अर्धवट चावलेला गोळा तोंडातून खाली टाकतो. दावणीजवळ असे ओले हिरवट गोळे पडलेले दिसले तर दाढा तपासून घ्या. बाजारात "आदत, दोन दाती, चार दाती" म्हणून वय पाहायला पुढचे दात सगळे पाहतात, मागच्या दाढांकडे कुणी बघत नाही. काम मात्र दाढाच करतात.

तारेचं दुखणं वेगळं आणि कपटी. जनावर चारा न चावता गिळतं म्हणून चाऱ्यातली तार, खिळा, सुई तशीच जाळीपोटात, म्हणजे कोठीपोटाला लागून पुढे असलेल्या लहान कप्प्यात, जाऊन बसते. जाळीपोटाला लागूनच छाती-पोटामधला पडदा आणि पडद्यापलीकडे हृदय. तार पुढे सरकली तर थेट तिथे पोहोचते. असा बैल रवंथ कधी करतो, कधी सोडतो, पुन्हा पुन्हा फुगतो, उतारावरून उतरताना कण्हतो, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब ठेवून उभा राहतो. पुढे गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीला (पोळीला) सूज येते. हे दिसल्यावर पाचक पावडर देत आठवडे घालवू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. पोळ्याशी याचा संबंध असा की बेगड, प्लॅस्टिकच्या झिरमिळ्या, फुगे, तारेत ओवलेल्या माळा बैलाच्या अंगावर असतात आणि रात्री कोठ्यात (गोठ्यात) बांधल्यावर शेजारचा बैल त्या ओढून खातो. मठाटी, झूल, माळा त्याच रात्री उतरवून ठेवायच्या, कितीही दमलो असलो तरी. शिंगांना गेरू लावा. ऑइल पेंट बैल एकमेकांच्या शिंगांवरून चाटतात.

विषबाधेचं दोन वाक्यांत उरकत नाही, पण विदर्भात ते टाळूनही चालत नाही. पोळ्याच्या सुमाराला कपाशीवर फवारे चालू असतात. फवारणी झालेल्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत खाल्लेलं जनावर लाळ गाळतं, थरथरतं, डोळ्यांची बाहुली बारीक होते, वारंवार पातळ हागतं. हे रवंथ बंद होण्यापेक्षा कितीतरी मोठं आहे. डॉक्टरला औषधाचा डबा किंवा त्याचं नाव दाखवा, उतारा त्यावरून ठरतो. ज्वारीचे कोवळे धांडे, पावसानं ओढ दिल्यावर खुरटलेली ज्वारी, किंवा कापल्यावर बुडख्यातून फुटलेले फुटवे यांत सायनाइडचं विष असतं. ते खाल्लेलं जनावर काही मिनिटांत धापा टाकत कोसळतं. तिथे पाजणं, चोळणं काही उपयोगाचं नाही, शिरेतून इंजेक्शनच लागतं.

आता तुमच्या बैलाकडे परत येऊ. पोट डचमळतं, ताप नाही, शेण पातळ आणि आंबूस, बैल उभा आहे, असं धरून सांगतो.

गव्हाणीतलं ढेप, चुनी, भरडा, उरलेल्या पोळ्या सगळं आजच काढा. पुढे फक्त चांगला वाळलेला कडबा किंवा वाळलेलं गवत. तुमच्याकडे नाही, पण भंडारा-गोंदियाकडचे वाचत असतील तर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, तोही चालेल. एक घास खाल्ला तरी तो चावावा लागतो, लाळ सुटते. खाण्याचा सोडा, म्हणजे किराणा दुकानातला, धुण्याचा नव्हे, १०० ते १५० ग्रॅम घेऊन एक-दोन लिटर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवून मोठ्या बैलाला सकाळ-संध्याकाळ देता येतो. भकाळी फुगलेली असेल तर सोडा नको, कारण आम्लात पडला की त्याचा वायू होतो आणि फुगारा वाढतो. पाणी समोर ठेवा पण थोडं थोडं. तहानेला बैल एकदम बादलीभर प्यायला तर आधीच डचमळणारं पोट आणखी ताणतं. दिवसातून दोन-तीन वेळा अंगणात सावकाश फिरवा. चोवीस तासांत एकदाही रवंथ दिसला नाही तर घरगुती उपाय तिथेच थांबवा. त्यापुढे शिरेतून सलाइन आणि सोडा लागतो, काही वेळा नळी घालून कोठीपोट धुवावं लागतं, अगदीच टोकाला गेलं तर डाव्या भकाळीतून पोट उघडून रिकामं करावं लागतं. ही शस्त्रक्रिया ऐकायला भयंकर वाटते, पण वेळेवर केली तर बैल उभ्यानं सोसतो.

गूळ का नको, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल: ज्यानं दुखणं आणलं तेच परत घालायचं. ताक स्वतःच आंबट, त्यातही लॅक्टिक आम्लच. शेजारच्यांनी हे हवेतून काढलेलं नाही. युरिया खाल्लेल्या जनावराला आंबट पाजतात आणि ते बरोबर आहे, कारण युरियानं पोटात अमोनिया होतो, तो आंबटानं मरतो. कोरडं कुटार तुंबलेल्या बैलाला थोडं ताक पाजून काही नुकसान होत नाही. पण तिन्ही बैल बाहेरून सारखेच दिसतात, आणि एकाचा उतारा दुसऱ्याला मारक ठरतो. फेसाळ पोटफुगीत गोडेतेल पाव ते अर्धा लिटर देतात, फेस मोडायला. आम्लतेत त्या तेलाचा काही उपयोग नाही.

आणि पाजण्याची रीत. जीभ बाहेर ओढून, मान आकाशाकडे करून, बांबूच्या नळीनं घळाघळा ओतलेलं मी इतक्या वेळा पाहिलं आहे की राग येणंही बंद झालं. जीभ ओढली की बैलाला गिळता येत नाही. औषध श्वासनळीत जातं, चार-पाच दिवसांनी न्यूमोनिया होतो आणि लोक म्हणतात, "पोट बरं झालं होतं, मग छाती भरली". डोकं पाठीच्या रेषेपेक्षा किंचितच वर ठेवा, जीभ मोकळी सोडा, गालाच्या फटीतून घोट-घोट द्या आणि प्रत्येक घोट गिळल्याची खात्री करा. खोकला आला तर लगेच डोकं खाली सोडा. ज्या बैलाला मान सावरत नाही किंवा जो पडून आहे, त्याला तोंडानं काहीही पाजायचं नाही.

आजीचं म्हणणं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. निरोगी जनावराच्या कोठीपोटातला रस काढून, कापडातून गाळून, बंद पडलेल्या पोटात नळीनं सोडणं ही पशुवैद्यकातली मान्य पद्धत आहे. जंतू मेलेल्या पोटाला जिवंत जंतूंचं विरजण मिळतं. पण मोठ्या जनावराला निदान तीन ते पाच लिटर रस लागतो, शक्य असेल तर आणखी, आणि तो काढल्यावर गार होऊ न देता लगेच द्यायचा असतो. जोडीदाराच्या तोंडातून काढलेला गोळा म्हणजे जेमतेम मूठभर. त्यात जंतू असतात हे खरं, पण आम्लानं भरलेल्या पोटात पडल्यावर तेही मरतात. म्हणून क्रम असा: आधी आम्ल मारायचं, मग रस द्यायचा. त्यात जोडीदाराला लाळ्या-खुरकूतीची लागण असेल तर तो रोगही याच्या तोंडात जाईल, शिवाय रवंथ करणाऱ्या बैलाच्या दाढांमध्ये हात घालणाऱ्याची बोटं जातील ती वेगळी. आजीला सांगा, तुमचं खरं आहे, फक्त हे काम डॉक्टरच्या नळीनं करू.

डॉक्टर आले की रस देण्याबद्दल आपणहून विचारा. तालुक्याला सगळीकडे ती सोय नसते, पण तुमच्या कोठ्यात निरोगी जोडीदार उभा आहे म्हटल्यावर बरेच डॉक्टर तयार होतात. आणि तोंडावाटे अँटिबायोटिकच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नका. उरलेसुरले जंतूही त्यानं जातात, मग पोट सुरू व्हायला आठवडा लागतो.

पुढच्या वर्षी बैलाला नैवेद्य दाखवूच नका असं मी सांगणार नाही, ते कुणी ऐकणारही नाही. त्या दिवशी दुपारी पोटभर कडबा खाऊ घालून मगच बैल सजवा. तोंडाला लावायचा तो पोळीचा एक तुकडा, बाकी पोळी बैल धरणाऱ्यानं खावी. दारोदारी मिळणाऱ्या पोळ्या एका पिशवीत गोळा करायचं आमच्याकडच्या काही घरांनी सुरू केलं आहे. मान राहतो, पोटही राहतं. त्या पोळ्या दुसऱ्या दिवशी ढोरांना एकदम टाकू नका, एवढं मात्र पाहा, नाहीतर गाय आजारी पडायची.

बैल सावरायला लागला की आधी शेण घट्ट होतं, मग नाकपुडीवर ओलावा दिसतो, मग एखादा गोळा वर येतो. पहिले गोळे दहा-पंधरा चावण्यांतच गिळले जातात, घाबरू नका. आकडा नेहमीच्या जवळ येईपर्यंत फक्त कडबा आणि गवत. त्यानंतर ढेप मूठभरापासून सुरू करून आठ-दहा दिवसांत पूर्वीच्या मापावर न्या. या आम्लतेचा मार खुरांवरही पडतो, आतल्या बाजूनं सूज येते आणि बैल काही दिवसांनी पाय उचलून टाकू लागतो. तेव्हा डवऱ्याला (कोळपणीच्या औताला) किंवा बंडीला लगेच जुंपू नका. पंधरा दिवसांनंतरही कठीण जमिनीवर चालताना तो लंगडत असेल किंवा बसून उठायला वेळ लावत असेल तर खुरं पुन्हा एकदा डॉक्टरला दाखवा.